एल्कच्या शिकारीसाठी सौम्य धक्क्याचे काडतूस कसे निवडावे

एल्कच्या, म्हणजे हरणांच्या कुळातल्या उत्तर अमेरिकेतील मोठ्या प्राण्याच्या, शिकारीसाठी रायफल घ्यायला निघालेल्या माणसाला बहुतेक वेळा पहिला सल्ला मिळतो तो मोठ्या काडतुसाचा. रॉकी पर्वतातला पूर्ण वाढलेला नर एल्क साधारण ३०० ते ३५० किलो भरतो, मादी सव्वादोनशे किलोंच्या आसपास असते आणि प्रशांत किनाऱ्यालगतच्या दाट जंगलांतला रूझवेल्ट एल्क त्याहूनही थोराड असतो. तेव्हा एवढ्या जनावरासाठी .३०० विंचेस्टर मॅग्नम किंवा .३३८ विंचेस्टर मॅग्नमच हवे, असे सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरीही हा सल्ला मला अपुरा वाटतो, कारण त्यात चाप ओढणाऱ्याच्या खांद्याचा विचारच केलेला नसतो. एल्क किती लवकर कोसळेल हे गोळी कुठे लागते यावर अवलंबून असते, आणि ज्याला धक्क्याची धास्ती बसली आहे त्याची गोळी हव्या त्या जागी लागत नाही. दोन्ही फुफ्फुसांतून आरपार गेलेली १४० ग्रेनची (सुमारे ९ ग्रॅमची) गोळी एल्कला थोड्याच अंतरात खाली आणते. पोटात लागलेली २२५ ग्रेनची गोळी मात्र त्याला दरीपलीकडे पळवते आणि तिथे ते जनावर तासन्‌तास यातना भोगत राहते. ही यातना टाळणे हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे, म्हणून सौम्य धक्क्याच्या काडतुसाचा प्रश्न केवळ सोयीचा मानता येत नाही.

या लेखात निवडीचा क्रम मी मुद्दाम उलटा ठेवला आहे. आपल्याला किती धक्का पेलतो हे आधी तपासावे, मग त्या मर्यादेत बसणारी आणि एल्कच्या शरीरात खोलवर जाणारी गोळी निवडावी, त्यानंतर आपण जास्तीत जास्त किती अंतरावरून गोळी झाडणार हे ठरवावे. एवढे झाले की काडतुसांच्या लांबलचक यादीत दोन-तीनच नावे उरतात आणि त्यांतून एक उचलणे अवघड राहत नाही.

धक्का कशाने वाढतो

खांद्यावर येणारा धक्का चार गोष्टींवर ठरतो: गोळीचे वजन, गोळीचा वेग, जळणाऱ्या दारूचे वजन आणि रायफलीचे वजन. यांपैकी दारूचा वाटा सहसा ध्यानात घेतला जात नाही. गोळीच्या मागोमाग नळीच्या तोंडातून सुटणारा वायू गोळीपेक्षाही अधिक वेगाने बाहेर पडतो. त्यामुळे दारूचा एक ग्रेन गोळीच्या एका ग्रेनपेक्षा खांद्याला अधिक जाणवतो. ७ मिमी-०८ रेमिंग्टनच्या काडतुसात साधारण ४४ ग्रेन दारू असते, तर .३०० विंचेस्टर मॅग्नममध्ये ती ७० ग्रेनच्या वर जाते. दुसऱ्याचा धक्का पहिल्याच्या दुपटीहून अधिक का असतो, याचे बरेचसे उत्तर या फरकात सापडते.

तुलनेसाठी स्कोपसह (नेम धरायच्या दुर्बिणीसह) आठ पौंड, म्हणजे सुमारे ३.६ किलो वजनाची रायफल धरू. अशा रायफलीत .२४३ विंचेस्टरचा धक्का साधारण १० फूट-पौंड (हे ऊर्जेचे एकक), ६.५ क्रीडमूरचा १३, ७ मिमी-०८ चा १४, .३०८ विंचेस्टरचा १६ ते १७, .२७० विंचेस्टरचा १८ ते १९, .३०-०६ स्प्रिंगफील्डचा २० ते २२, .३०० विंचेस्टर मॅग्नमचा सुमारे ३० आणि .३३८ विंचेस्टर मॅग्नमचा ३५ च्या आसपास असतो. गणित करताना वायूचा वेग किती धरला आणि गोळी कोणत्या वजनाची घेतली, त्याप्रमाणे हे आकडे थोडे खाली-वर होतात. त्यांचा चढता क्रम मात्र तोच राहतो.

रायफलीचे वजन इथे फार मोलाचे ठरते, कारण काडतूस तेच ठेवून रायफल हलकी केली की त्याच प्रमाणात धक्क्याची ऊर्जा वाढते. आठ पौंडांच्या रायफलीत १४ फूट-पौंड धक्का देणारे ७ मिमी-०८ काडतूस सहा पौंडांच्या रायफलीतून झाडले तर तोच धक्का १८ ते १९ फूट-पौंड होतो, म्हणजे आठ पौंडांच्या .२७० इतका. अडीच-तीन हजार मीटर उंचीवर दिवसभर चढ-उतार करायचा म्हणून अतिशय हलकी रायफल घ्यायची आणि धक्का सौम्य राहावा म्हणून लहान काडतूस निवडायचे, असे केले तर एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने घालवल्यासारखे होते. स्कोप, पट्टा आणि भरलेल्या काडतुसांसह साडेसात ते साडेआठ पौंड हे वजन मला चालायलाही झेपणारे आणि झाडायलाही सुसह्य वाटते.

दस्त्याची लांबी आणि ठेवण यांचाही परिणाम मोठा असतो. दस्ता जास्त लांब असेल तर त्याचा मागचा भाग खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर टेकतो आणि तिथे तोच धक्का दुप्पट झोंबतो. दस्ता आखूड असेल तर स्कोपची कडा भुवईवर आपटण्याचा धोका राहतो. किशोरवयीन किंवा लहान चणीच्या शिकाऱ्यांसाठी दस्ता कापून बसता करून घेणे आणि मागे चांगल्या प्रतीची मऊ रबरी गादी लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि काडतूस बदलण्याआधी तोच करावा.

नळीच्या तोंडाला लावायचा मझल ब्रेक धक्का खरोखरच बराच कमी करतो, पण त्यातून आवाजाचा लोट बाजूला आणि मागे येतो. कानांवर संरक्षण नसताना एकदा जरी गोळी झाडली तरी श्रवणशक्तीला कायमची इजा होऊ शकते, आणि जंगलात ऐन क्षणी कानांवर संरक्षण चढवायला सवड मिळेलच असे नाही. जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे सप्रेसर हा त्याहून चांगला पर्याय ठरतो, कारण तो आवाज आणि धक्का दोन्ही कमी करतो. मात्र त्याने रायफलीची लांबी आणि पुढचे वजन वाढते.

आपली मर्यादा कशी तपासावी

धक्का किती पेलतो हे स्वतःला विचारून कळत नाही. मोठी रायफल सहज झेपते असे मनापासून सांगणारी माणसेही चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे रेटतात किंवा बोटाने चाप खेचतात, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसतो. कारण पुढच्याच क्षणी येणारा खरा धक्का ही सगळी हालचाल झाकून टाकतो. म्हणून ती हालचाल उघडी पाडणारी चाचणी हवी.

यासाठी शूटिंग रेंजवर एका जाणत्या सोबत्याला घेऊन जावे. रायफल त्याने भरून द्यावी आणि खऱ्या काडतुसांच्या मध्ये, झाडणाऱ्याला न सांगता, बाजारात मिळणारे निर्जीव सराव-काडतूस घालावे. नळीचे तोंड सर्व वेळ लक्ष्याच्याच दिशेने राहील ही दक्षता अर्थातच दोघांनीही घ्यायची आहे. निर्जीव काडतुसावर चाप ओढला गेला की फक्त खट्ट आवाज होतो आणि नळी जागची हलली की नाही हे लख्ख दिसते. नळी खाली झुकली किंवा खांदा पुढे आला, तर त्या काडतुसाचा धक्का सध्या आपल्या आवाक्याबाहेर आहे असे समजावे. नळी स्थिर राहिली तर त्याच बैठकीत आणखी दहा-बारा गोळ्या झाडून पुन्हा तीच तपासणी करावी, कारण धास्ती बहुधा पहिल्या गोळीला दिसत नाही. खांदा दुखू लागल्यावर ती हळूहळू शिरते.

दुसरी चाचणी लक्ष्यावर घ्यावी. शंभर यार्डांवर (सुमारे ९१ मीटरवर) २० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ लावून बाकाचा आधार न घेता, बसून, गुडघ्यावर किंवा काठीच्या टेकूवरून, म्हणजे डोंगरात ज्या स्थितीतून गोळी झाडावी लागेल त्याच स्थितीतून पाच गोळ्या झाडाव्यात. एल्कच्या छातीतील मर्मस्थान यापेक्षा बरेच मोठे, साधारण ४० सेंटिमीटर उंचीचे असते. तरीही लक्ष्य निम्म्या आकाराचे घ्यावे, कारण प्रत्यक्षात धाप लागलेली असते, बोटे गारठलेली असतात आणि जनावर केव्हा हलेल याचा नेम नसतो. पाचही गोळ्या वर्तुळात बसल्या पाहिजेत. चार आत आणि एक बाहेर हा निकाल मी उत्तीर्ण मानत नाही.

बाकावर बसून झाडताना शरीर पुढे झुकलेले आणि अडकलेले असते, त्यामुळे धक्का अंगातून वाट काढत नाही आणि आहे त्याहून कठोर वाटतो. स्कोप जुळवण्यापुरताच बाकाचा उपयोग करावा, आणि त्या वेळीही खांदा व दस्ता यांच्यामध्ये जाडसर गादी ठेवावी. कानात बोळे आणि वरून कानटोप असे दुहेरी संरक्षण वापरल्यास अनेकांची धास्ती लगेच कमी होते, कारण ज्याला आपण धक्क्याची भीती समजतो तिच्यात आवाजाच्या भीतीचा वाटा मोठा असतो. एका बैठकीत मोठ्या रायफलीच्या वीसहून अधिक गोळ्या झाडू नयेत; उरलेला सराव .२२ रिमफायर या छोट्या काडतुसाच्या रायफलीवर करावा. तिचा धक्का नगण्य असतो आणि चापावरचा ताबा तिच्यावरही तितकाच चांगला शिकता येतो.

शक्य असेल तर ओळखीच्या शिकाऱ्यांच्या वेगवेगळ्या रायफलींवर या दोन्ही चाचण्या कराव्यात आणि मगच खरेदीला जावे. वर्षातून मोजक्याच दिवशी सराव करणाऱ्या बहुतेकांची मर्यादा १५ फूट-पौंडांच्या आसपास निघते, असे माझे मत आहे. नियमित सराव करणाऱ्यांना २० पर्यंतचा धक्का पेलतो. त्यापलीकडचे काडतूस शांतपणे झाडणारे लोक आहेत, पण ते वाटतात त्यापेक्षा पुष्कळ कमी आहेत.

गोळीचा विचार काडतुसाआधी

सौम्य काडतुसावर एल्क मारायचा असेल तर गोळीच्या बांधणीत तडजोड करता येत नाही. मोठे काडतूस कच्च्या गोळीचे दोष काही प्रमाणात झाकू शकते, लहान काडतुसाला ती उसंत नसते. हरणासाठी बनवलेली पातळ कवचाची गोळी एल्कच्या खांद्याच्या हाडावर किंवा जाड बरगडीवर फुटून विखुरली, तर जखम वरवरची राहते आणि जनावर निघून जाते.

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकी शिकारी जॉन नॉस्लर यांनी १९४६ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात मूसच्या (हरणांच्याच कुळातल्या, एल्कहून मोठ्या प्राण्याच्या) शिकारीत असाच अनुभव घेतला: त्यांच्या रायफलीचे काडतूस .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम, म्हणजे चांगलेच ताकदवान होते, तरीही गोळ्या आत खोल गेल्या नाहीत. त्यातून त्यांनी मध्ये आडवी भिंत असलेली गोळी तयार केली. तिचा पुढचा भाग जनावरावर आदळल्यावर फुलतो आणि भिंतीमागचा भाग अखंड राहून आत शिरत जातो. १९४८ पासून नॉस्लर पार्टिशन या नावाने विकली जाणारी ही गोळी आजही एल्कसाठी उत्तम आहे. ताकदवान काडतूसही चुकीच्या गोळीने हतबल होते, हे या घटनेतून जितके दिसते तितकेच हेही दिसते की योग्य गोळी मिळाल्यास मध्यम काडतुसाचा आवाका वाढतो.

आज निवडीला तीन मार्ग आहेत. पहिला पार्टिशनसारख्या भिंतीच्या गोळ्यांचा. दुसरा नॉस्लर अ‍ॅक्युबाँडसारख्या, शिसे आणि तांब्याचे कवच एकजीव केलेल्या गोळ्यांचा. आणि तिसरा बार्न्स टीटीएसएक्स किंवा हॉर्नडी सीएक्ससारख्या संपूर्ण तांब्याच्या गोळ्यांचा. सौम्य काडतुसांसाठी माझा कल तिसऱ्या मार्गाकडे आहे. तांब्याची गोळी फुलल्यावरही आपले जवळजवळ सगळे वजन राखते, त्यामुळे ती एक पायरी हलकी घेतली तरी आत जाण्याची क्षमता टिकते, आणि हलकी गोळी म्हणजे आणखी थोडा कमी धक्का. ७ मिमी-०८ मध्ये शिशाची १४० ग्रेनची गोळी घेणाऱ्याने तांब्याची १२० ग्रेनची घेतली तरी चालते. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. तेथील दुर्मीळ कॉन्डोर गिधाडे मेलेल्या जनावरांतील शिशाचे कण खाऊन विषबाधेने मरत होती, हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

तांब्याच्या गोळ्यांची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. फुलण्यासाठी त्यांना पुरेसा वेग लागतो. जनावरावर आदळताना सेकंदाला सुमारे २,००० फूट वेग असेल तर काळजी नसते, त्याखाली वेग गेला तर गोळी अरुंद भोक पाडून आरपार जाऊ शकते. शिशाच्या एकजीव गोळ्या साधारण १,८०० फूट वेगापर्यंत फुलतात. आपल्या गोळीसाठी उत्पादकाने दिलेला किमान वेग पाहावा आणि काडतुसाच्या डब्यावरील तक्त्यात तो वेग किती यार्डांपर्यंत टिकतो ते शोधावे. ते अंतर म्हणजे आपली बाहेरची सीमा.

गोळीच्या जाडीच्या मानाने तिचे वजन किती आहे, म्हणजेच तिची छेद-घनता किती आहे, यावरही ती किती खोल जाईल हे ठरते. ६.५ मिमी व्यासाच्या १४० ग्रेन गोळीची छेद-घनता .२८७ भरते, तर .३० इंच व्यासाच्या १८० ग्रेन गोळीची .२७१. बारीक पण लांब गोळी कमी दारूत, कमी धक्क्यात खोल का जाते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. .२४३ च्या १०० ग्रेन गोळीची छेद-घनता मात्र .२४२ वरच थांबते.

काडतुसांची निवड

नावांकडे वळण्याआधी कायदा पाहावा, कारण किमान अट प्रत्येक राज्यात वेगळी असते. उत्तर अमेरिकेत सर्वाधिक एल्क असलेल्या कोलोरॅडो राज्याचा नियम असा आहे की एल्कसाठी रायफल किमान .२४ कॅलिबरची (नळीचा व्यास, इंचांत) असावी, गोळी फुलणारी आणि किमान ८५ ग्रेन वजनाची असावी आणि शंभर यार्डांवर तिची ऊर्जा किमान १,००० फूट-पौंड असावी. ही कायद्याची तळरेषा आहे, शिफारस नव्हे. शिकाऱ्यांमध्ये रूढ असलेला ठोकताळा एल्कपाशी १,५०० फूट-पौंड ऊर्जा पोहोचावी असा आहे. ऊर्जेचा आकडा एकटा काहीच सिद्ध करत नाही हे खरे असले, तरी अंतराची मर्यादा आखायला हा ठोकताळा उपयोगी पडतो.

माझी पहिली पसंती ७ मिमी-०८ रेमिंग्टनला आहे. .३०८ विंचेस्टरचे आवरण गळ्याशी अरुंद करून बनलेले हे काडतूस रेमिंग्टनने १९८० मध्ये बाजारात आणले. १४० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,८०० फूट वेगाने निघते आणि चांगल्या आकाराची असेल तर तीनशे यार्डांवर १,५०० फूट-पौंडांच्या थोडी वर ऊर्जा राखते. आखूड आवरणामुळे रायफल आटोपशीर राहते, बावीस इंची नळी पुरते, आणि धक्का असा असतो की सरावाच्या दिवशी विसावी गोळीही पहिलीइतक्याच शांतपणे झाडता येते. सौम्यता आणि पुरेशी ताकद यांचा इतका नेटका मेळ मला दुसऱ्या कोणत्याही काडतुसात दिसत नाही. दुकानांत ही काडतुसे .३०८ किंवा .२७० इतक्या सहज मिळत नाहीत, ही त्याची खरी उणीव आहे. त्यामुळे वर्षभराचा साठा आधीच करून ठेवावा.

धक्का आणखी कमी हवा असेल तर ६.५ क्रीडमूर घ्यावे. हॉर्नडी या काडतूस कंपनीने ते लक्ष्यवेधी नेमबाजीसाठी आणले, तरी १४० ग्रेनच्या आसपासची लांब गोळी २,७०० फूट वेगाने फेकणारे हे काडतूस शिकारीतही लवकरच स्थिरावले. लांब गोळीला हवेचा अडथळा कमी होत असल्याने ते पुढच्या अंतरावर वेग चांगला राखते, आणि यातूनच त्याचा गैरवापरही होतो: पाचशे-सहाशे यार्डांवरून एल्कवर गोळी झाडण्याचा मोह त्याच्याइतका क्वचितच दुसऱ्या काडतुसाने पडत असेल. तीनशे यार्डांच्या आत, भक्कम बांधणीची गोळी वापरून, ते एल्कसाठी पूर्ण लायक आहे. याच पंगतीतले .२६० रेमिंग्टन १९९७ चे. ते ज्याच्याकडे आहे त्याला बदलण्याचे काहीच कारण नाही.

६.५ मिमीच्या गोळ्यांबद्दल ज्यांना शंका वाटते त्यांनी स्वीडनकडे पाहावे. तिथल्या सैन्याने १८९४ मध्ये स्वीकारलेल्या ६.५×५५ काडतुसाने शंभराहून अधिक वर्षे मूसची शिकार होत आली आहे, आणि मूस हा एल्कपेक्षा मोठा प्राणी आहे. स्वीडिश नियमानुसार मूससाठी गोळी १० ग्रॅम किंवा अधिक वजनाची असेल तर शंभर मीटरवर २,००० जूल ऊर्जा पुरते. १५६ ग्रेनची पारंपरिक गोळी या अटीत बसते. अर्थात तिथल्या शिकारीत अंतरे बहुधा कमी असतात आणि हा मुद्दा ६.५ च्या प्रत्येक पुरस्कर्त्याने स्मरणात ठेवावा. जुन्या रायफलींच्या काळजीपोटी अमेरिकी कारखाने ६.५×५५ आणि ७×५७ मॉझर ही काडतुसे सौम्य दाबाची भरतात. युरोपीय काडतुसे अधिक वेगवान असतात, आणि आधुनिक, सुस्थितीतील रायफल असेल तर तीच निवडावीत.

.३०८ विंचेस्टर, १९५२ पासूनचे, धक्क्याच्या दृष्टीने मधल्या पायरीवर आहे. १५० ग्रेनची तांब्याची किंवा १६५ ग्रेनची एकजीव गोळी एल्कला उत्तम. १८० ग्रेनची गोळी मात्र धक्का वाढवते आणि तीनशे यार्डांच्या आत त्या मानाने फारसे काही देत नाही. काडतुसे जवळजवळ कुठेही मिळतात, आणि घरापासून दूर, प्रवासात काडतुसांची पेटी हरवली तर या गुणाची किंमत कळते.

.२७० विंचेस्टर १९२५ मध्ये आले. शिकारविषयक लेखक जॅक ओ'कॉनर यांनी आपल्या लेखनातून अनेक दशके त्याची बाजू मांडली. त्यांच्या पत्नी एलिनॉर या मात्र ७×५७ वर विसंबणाऱ्या, आणि निष्णात शिकारी म्हणून त्यांचे नाव झाले. १३० ग्रेनची गोळी ३,०६० फूट वेगाने जात असल्याने .२७० चा मार्ग सपाट असतो आणि अंतराच्या अंदाजातली लहान चूक खपून जाते. ज्याला १८ फूट-पौंडांचा धक्का चाचणीत निर्वेध पेलला, त्याने .२७० खुशाल घ्यावे. नव्या ६.५ पीआरसीचा धक्काही साधारण याच मापाचा असतो, त्यामुळे ६.५ हा आकडा पाहून ते क्रीडमूरसारखे मऊ असेल असे धरून चालू नये. .३०-०६ स्प्रिंगफील्ड, १९०६ पासून, एल्कच्या शिकारीतले मातब्बर काडतूस आहे, पण आपल्या विषयाच्या सीमेवरच. जड रायफलीत १५० ग्रेनच्या तांब्याच्या गोळीसह ते या यादीत जेमतेम बसते.

.२४३ विंचेस्टरबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण नवशिक्यांच्या, मुलांच्या आणि धक्क्याला कचरणाऱ्यांच्या हाती बहुधा तेच दिले जाते. कायद्यात ते अनेक ठिकाणी बसते आणि निष्णात शिकारी त्याने एल्क मारतातही. परंतु १०० ग्रेनच्या नेहमीच्या गोळीची ऊर्जा दीडशे यार्डांच्या आसपासच १,५०० फूट-पौंडांखाली येते, आणि गोळी हलकी असल्याने खांद्याच्या हाडावर किंवा तिरप्या कोनात तिला खोली गाठता येत नाही. म्हणजे जनावर पूर्ण आडवे उभे असेपर्यंत वाट पाहायची, अंतर कमी ठेवायचे, आणि तसे घडले नाही तर गोळी न झाडता परत यायचे. एवढा संयम आणि एवढी पारख अनुभवी माणसाकडे असते. सर्वांत कमी अनुभव असलेल्याच्या हाती सर्वांत कमी वाव देणारे काडतूस देणे मला योग्य वाटत नाही. .२४३ आणि ६.५ क्रीडमूर यांच्या धक्क्यात जेमतेम तीन फूट-पौंडांचा फरक आहे, आणि नीट बसणारा दस्ता व चांगली गादी यांनी तो सहज भरून निघतो. नवशिक्याने तिथपर्यंत यावे.

कमी दारू भरलेली, धक्का निम्म्यावर आणणारी तयार काडतुसेही मिळतात. ती सरावाला फार चांगली आहेत, पण त्यांच्यातल्या गोळ्या बहुधा हरणाच्या मापाने बनवलेल्या असतात. एल्कसाठी ती वापरायची झाल्यास उत्पादकाने त्या गोळीबद्दल काय लिहिले आहे ते वाचूनच ठरवावे.

अंतर आणि नेम

वरील काडतुसांसाठी, .२४३ वगळता, मी तीनशे यार्डांची मर्यादा धरतो, आणि चाचणीतले वर्तुळ ज्या अंतरावर चुकू लागते ते त्याहून कमी असेल तर तीच खरी मर्यादा मानावी. ७ मिमी-०८ ची गोळी दोनशे यार्डांवर नेमकी लागेल असा स्कोप जुळवला तर शंभरवर गोळी जवळपास दोन इंच वर लागते आणि तीनशेवर सात ते आठ इंच खाली. एवढे पाठ असले की लेझर अंतरमापकावरचा आकडा पाहून नेम धरताना गोंधळ होत नाही.

सौम्य काडतूस घेणाऱ्याने कोनाच्या बाबतीत कडक राहावे. जनावर आडवे उभे असेल तर पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या तळापासून वर एक तृतीयांश उंचीवर नेम धरावा; तिथे दोन्ही फुफ्फुसे मिळतात आणि वाटेत बरगडीशिवाय मोठे हाड येत नाही. जनावर थोडे पलीकडे वळलेले असेल तर गोळी पलीकडच्या पुढच्या पायाकडे निघेल असा नेम धरावा. समोरून आणि पाठमोऱ्या एल्कवर गोळी झाडू नये. पहिली गोळी चांगली लागली असे वाटले, तरी एल्क उभा असेपर्यंत दुसरी झाडण्याची तयारी ठेवावी. अचूक गोळी बसूनही एल्क काही क्षण काहीच झाले नसल्यासारखा उभा राहतो किंवा चालू लागतो. इथे सौम्य धक्क्याचा आणखी एक लाभ दिसतो: स्कोपमधून जनावर नजरेआड होत नाही, गोळी कुठे लागली ते दिसते आणि दुसरा नेम लवकर लागतो.

खरेदी झाल्यावर

एकाच जातीची नव्हे, तर एकाच उत्पादन-गटाची काडतुसे घ्यावीत. गट क्रमांक डब्यावर छापलेला असतो आणि गट बदलला की गोळी पडण्याची जागा थोडी सरकू शकते. शंभर काडतुसे घेतली तर स्कोप जुळवणे, हंगामापूर्वीचा सराव आणि प्रत्यक्ष शिकार हे सगळे त्यांत भागते. तांब्याच्या गोळ्या निवडल्या असतील तर त्या आपल्या नळीतून नीट जुळतात का हे लवकर पाहावे, कारण वजनाच्या मानाने त्या लांब असतात आणि नळीतला पीळ (गोळीला फिरवणाऱ्या खाचा) त्यांना पुरेसा नसेल तर लक्ष्यावर गोळ्या विखुरतात. तसे झाल्यास त्याच काडतुसात एक पायरी हलकी गोळी वापरून बघावी.

शिकारीच्या प्रदेशात पोहोचल्यावर, छावणी लावण्याआधी किंवा लावल्यावर लगेच, सुरक्षित आडोसा असलेल्या जागी शंभर यार्डांवर दोन-तीन गोळ्या झाडून स्कोप तपासावा. प्रवासात बसलेले हादरे त्याला सरकवू शकतात. उंचीवरच्या विरळ हवेत गोळी समुद्रसपाटीपेक्षा थोडी कमी खाली पडते, पण तीनशे यार्डांच्या आत हा फरक किरकोळ असतो आणि त्यासाठी वेगळे गणित मांडण्याची आवश्यकता नाही. तपासणीच्या गोळ्या बाकाऐवजी बसून किंवा काठीच्या टेकूवरून झाडाव्यात, म्हणजे स्कोपबरोबर चापावरचे बोटही तपासले जाते.